आरसी ट्रक: डिफमधलं तेल, गिअरबॉक्सचं ग्रीस आणि मुद्दाम कोरडं ठेवायचं ते सगळं

गिअरवेडा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचं किट उघडलं की बहुतेक जण आधी शॉक (धक्काशोषक) जुळवायला घेतात, कारण ते हातात धरून दाबून बघायला मजा येते. डिफरन्शियल (डिफ, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) आणि गिअरबॉक्स मात्र उरकले जातात. झाकण लागलं की दिसत नाहीत, मग आत काय चाललंय याचा पत्ता लागतो तो थेट मैदानात कटकट आवाज सुरू झाल्यावर. म्हणून हा धागा त्या झाकणाआडच्या मामल्यापुरता. डोळ्यापुढे १/१० किंवा १/८ मापाचा, चारही चाकं चालणारा, पुढे-मध्ये-मागे असे तीन डिफ असलेला ट्रक आहे. बाकीच्यांनी आपापल्या गाडीपुरतं घ्यावं.

'ग्रीस कुठलं घालू?' असं सतत विचारलं जातं. एकच एक ग्रीस सांगता येत नाही, कारण जागा चार आहेत. डिफच्या डबीत सिलिकॉन तेल. डबीबाहेरच्या क्राउनवर (डबीला जोडलेला मोठा गिअर) आणि पिनियनवर (त्याला फिरवणारा छोटा गिअर) चिकट, जाड ग्रीस. गिअरबॉक्समधल्या प्लास्टिक चक्रांवर हलक्या ग्रीसचा पातळ थर. आणि मोटरवरचा पिनियन व तो फिरवतो तो मोठा स्पर गिअर उघडे असतील तर त्यांना काहीही नाही. या चारांत गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं.

त्यातही डिफमधल्या तेलाला लोक वंगण समजतात. वंगणाचं काम ते करतंच, पण ते तिथे असतं मुख्यतः अडवायला. ट्रक सरळ जात असताना डबीतले गिअर एकमेकांच्या तुलनेत फिरतच नाहीत, अख्खी डबी एकसंध फिरते. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, तेव्हा मधले छोटे स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरू लागतात, आणि त्यांना तेलातून वाट काढावी लागते. तेल जितकं दाट तितकी दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना बांधलेली. म्हणजे बाटलीवरचा आकडा बदलणं म्हणजे गाडीचा स्वभाव बदलणं.

आता जुळणी. डबीतल्या खळग्यात आधी ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी), तिला तेलाचं बोट. मग बाहेरून आउटड्राइव्हचा (चाकाकडे ताकद नेणारा) दांडा हळूच फिरवत आत. सरळ ढकलला तर दांड्याच्या कडेने ओ-रिंग सोलवटते, आणि ती सोलवटलेली दिसत नाही, नंतर गळते. आतून दांड्यावर शिम (पातळ चकती), मग आडव्या भोकातून पिन, मग त्या पिनेवर खाच बसेल असा साइड गिअर. झाकणाच्या बाजूलाही हेच. नंतर आडव्या पिनांवरचे स्पायडर.

इथे थांबायचं आणि तेल न घालता एकदा कोरडंच बंद करून बघायचं. एक आउटड्राइव्ह फिरवा, दुसरा उलट फिरला पाहिजे, एकसारखा. दर फेरीला एकाच ठिकाणी अडखळत असेल तर एखाद्या दात्यावर साच्याची कडा राहिली आहे किंवा पिन नीट बसलेली नाही. साइड गिअर आतबाहेर हलत असेल तर शिम वाढवा. कोरडी चाचणी दोन मिनिटांची, तेल भरल्यावर हेच शोधायचं म्हणजे टेबलभर पसारा.

तेल किती? स्पायडरच्या आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकं. काठोकाठ नाही. सिलिकॉन तेल तापलं की दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. तापमान ५० अंशांनी चढलं तर ५ टक्के. डबीत तेवढी रिकामी जागा नसेल तर ते जागा शोधतं, आणि ओ-रिंगपाशीच त्याला ती सापडते. घातल्यावर गिअर हाताने फिरवा, बुडबुडे वर येऊ द्या, पातळी खाली गेली की थोडं आणखी. दाट तेलाला यासाठी बराच वेळ लागतो, डबी झाकून बाजूला ठेवावी. पुढचा आणि मागचा डिफ दरवेळी सारखाच भरायचा असेल तर नजरेवर विसंबू नका. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा आणि वजन लिहून ठेवा.

झाकण लावण्याआधी डबीची कड पूर्ण कोरडी पुसा. गॅस्केटखाली तेलाचा ओशट थर राहिला तर गॅस्केट घसरते. स्क्रू समोरासमोरचे घ्या, एकदम आवळू नका, दोन-तीन फेऱ्यांत.

क्राउन-पिनियनचं शिमिंग पुढच्या प्रतिसादात.

चिखलात_चाकं

वाचनखूण साठवली. पण एक घोळ सोडवा. शॉकच्या बाटलीवर ३०, ३५, ४० असे आकडे, डिफच्या बाटलीवर एकदम ५०००, ७०००. ही दोन वेगळी तेलं आहेत का? आणि हाताशी ५ हजार आणि २० हजार असतील तर मिसळून १२.५ हजार होतं का?

गिअरवेडा

दोन्ही सिलिकॉन तेलंच, दाटपणा मोजण्याची पट्टी वेगळी. शॉकवाला आकडा 'वेट', डिफवाला 'सेंटिस्टोक', म्हणजे बाटलीवर सीएसटी लिहितात ते. पाणी साधारण १ सीएसटी, यावरून अंदाज घ्या. टीम असोसिएटेडच्या तक्त्यात ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी. दुसऱ्या कंपनीचं ३० वेट नेमकं तेवढंच असेल असं नाही, म्हणून तुलना करायची तर सीएसटीचाच आकडा बघा.

मिश्रणाचं गणित मात्र सरळ सरासरीचं नाही. निम्मं-निम्मं ५ हजार आणि २० हजार घेतलं तर साधारण १० हजाराच्या आसपास येतं. पातळ तेल आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढतं. नीट ढवळून बुडबुडे बसू द्यायला हवेत, नाहीतर डबीत दोन थर घालून बसाल.

गिअरवेडा

राहिलेलं. डिफ गिअरबॉक्समध्ये ठेवला की त्याचा मोठा क्राउन गिअर पिनियनशी कसा भिडतो हे बघायचं. बऱ्याच किटमध्ये इथे थोडी ढिलाई असते. तशीच सोडली तर ब्रशलेस मोटरच्या पहिल्या धक्क्याला दात्यांची टोकं उडतात.

क्राउन पिनियनच्या जवळ न्यायचा असेल तर क्राउनच्या पाठीकडच्या बेअरिंगला शिम लावायचा, आणि तेवढ्याच जाडीचा समोरच्या बाजूने काढायचा. बेअरिंग १०×१५×४ असो की ८×१६×५, त्या मापाचे ०.१ आणि ०.२ मिलिमीटरचे शिम मिळतात. एकेकच शिम बदला. दोन्ही अर्धे कवच बोटांनी दाबून धरा, पिनियनचा दांडा फिरवा. फिरताना खरखर नको, आणि क्राउन धरून दांडा हलवला तर अगदी बारीक 'टिक' जाणवली पाहिजे. ती टिकसुद्धा गेली तर फार आवळलंय. आणि हे एका जागी तपासून भागत नाही, क्राउनची पूर्ण फेरी घ्या, कारण तो किंचित वाकडा असला तर एका बाजूला छान आणि दुसऱ्या बाजूला घट्ट लागतो. अशा वेळी घट्ट जागेप्रमाणे शिम ठरवायचा.

शंका असेल तर क्राउनच्या चार-पाच दात्यांवर मार्करची शाई लावा, थोडा दाब देत फिरवा आणि उघडून बघा. शाई दात्याच्या मध्यावर पुसली गेली पाहिजे. फक्त टोकाशी पुसली असेल तर क्राउन पिनियनपासून लांब आहे.

मग ग्रीस. इथे मॉलिब्डेनमवालं किंवा बोटींच्या ट्रेलरला वापरतात ते मरीन ग्रीस, कारण ते दात्याला चिकटून राहतं. प्रत्येक दात्याच्या खाचेत भरा, पण कवच ग्रीसने ठासून भरू नका. दोन मिनिटांत गिअर ते भिंतीवर फेकून देतात आणि तिथून ते परत येत नाही.

नवशिकी

खूपच कामाचा धागा! माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. माझ्या मॉन्स्टर ट्रकला जोरात थ्रॉटल दिला की पुढची चाकं फुग्यासारखी टम्म फुगतात आणि भिरभिरतात, गाडी मात्र जागेवरून आळसावून निघते. पुढचा डिफ बिघडलाय का?

गिअरवेडा

बाळबोध कसला, अगदी नेमकं निरीक्षण आहे. पुढच्या डिफला दोष देऊ नका, मधला बघा. थ्रॉटल दिला की गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. मधल्या डिफमध्ये पातळ तेल असेल तर ताकद सोप्या वाटेने, म्हणजे हलक्या चाकांकडे पळते. तिथे ३ किंवा ५ हजार असेल तर २० ते ३० हजारावर जाऊन बघा. ताकदवान मोटर आणि मोठी चाकं असतील तर काही जण ५० हजार आणि त्यावरही जातात, पण एका उडीत नको. फार दाट झालं की मागच्या चाकांचा जोर वाढून गाडी दोन चाकांवर उभी राहायला बघते. काहींना तेच हवं असतं म्हणा.

पुढे-मागे सुरुवातीला पुढे ७ ते १०, मागे ५ हजार ठेवा. मागचं दाट केलं तर वळणात थ्रॉटलवर मागची बाजू पटकन सुटते. पुढचं दाट केलं तर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडी नाक वळवायला कंटाळते, पण थ्रॉटल दिल्यावर ओढून नेते. एका वेळी एकच डिफ बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

निवांत_क्रॉलर

आम्हा दगडधोंड्यांतल्या लोकांना तुमची ही तेलं नकोतच! दोन्ही आस सरळ लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरणार. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ढकलतं. डबीत नुसतं मरीन ग्रीस, झाकण बंद, वर्ष निघतं.

गिअरवेडा

तुमच्या वेगाला लॉक डिफच योग्य, वाद नाही. पण नव्यांनी हे वाचून पळणाऱ्या ट्रकला लॉक करू नये. घट्ट जमिनीवर वळताना दोन्ही चाकांना सारखंच फिरावं लागतं, मग टायर घासतात किंवा ताण ड्राइव्हशाफ्ट आणि क्राउनवर येतो. वळणाचा घेरही वाढतो. आणि एक पुरवणी: डिफ लॉक न करता तेलाऐवजी फक्त ग्रीस भरणं म्हणजे लॉक नव्हे. ग्रीस सुरुवातीला घट्ट वाटतं, मग गिअर त्यात आपली वाट कोरून घेतात आणि अडथळा जवळपास संपतो. जुन्या स्वस्त गाड्या तशाच यायच्या.

तेलकट_बोटं

बाकी सगळं मान्य, पण स्पर-पिनियन कोरडे ठेवायचे हे मला पटत नाही. मी नेहमी थोडं ग्रीस लावतो, आवाज निम्मा होतो. धातूचा पिनियन प्लास्टिकवर घासतोय आणि आपण कोरडं ठेवायचं, हे कसं काय?

आटेपाटे

@तेलकट_बोटं, तुमचा स्पर बंद कवचात असेल तर लावा, कोण नाही म्हणतंय. उघड्या स्परला ग्रीस लावून मातीत पळवलंत तर ते पॉलिश पेपरचं काम करतं. बारीक वाळू ग्रीसला चिकटते आणि तीच दाते घासते. ट्रकचे स्पर बहुतेक नायलॉन जातीच्या प्लास्टिकचे असतात, ते कोरडे चालतात. आवाज जास्त येत असेल तर आधी मेश, म्हणजे दोन गिअरचे दाते किती जवळ भिडतात ते बघा.

मेश लावायची जुनी रीत: वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या पडल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर फार जवळ. आणि पिच किंवा मॉड्यूल, म्हणजे दात्यांचं माप, जुळतंय ना ते पाहा. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल जवळजवळ सारखे आहेत, एकमेकांवर चालून जातात. पण ४८ पिचचा पिनियन ३२ च्या स्परवर चालवायचा प्रयत्न करू नका, एका बॅटरीत स्परचे दाते साफ.

तेलकट_बोटं

मेश बघतो. पण माझा ट्रक फक्त सिमेंटवर चालतो, माती लागतच नाही, त्यामुळे माझं म्हणणं मी सोडत नाही. :)

गिअरवेडा

सिमेंटवरही बारीक धूळ असतेच. अगदीच हवं असेल तर वाळल्यावर कोरडा राहणारा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारा, त्याला धूळ कमी चिकटते. मात्र त्याच वेळी स्लिपर क्लच (जास्त धक्का आला की घसरून गिअर वाचवणारा) झाकून घ्या. स्लिपरच्या पॅडवर वंगणाचा थेंब गेला की तो क्लच राहिला नाही, पॅड बदलायचेच.

जुना_चालक

इथे सगळे गिअर डिफवर बोलताहेत. मागची दोनच चाकं चालणाऱ्या हलक्या ट्रकला बॉल डिफ असतो, त्याचंही लिहा कुणीतरी. नाहीतर मीच लिहितो.

त्यात तेल नाही. स्परसारख्या मोठ्या गिअरच्या भोकांत २.४ मिलिमीटरचे कार्बाइड किंवा सिरॅमिक गोळे, दोन्ही बाजूंना पोलादी चकत्या, आणि सगळं एका लांब स्क्रू-स्प्रिंगने दाबलेलं. इथेही दोन वंगणं, आणि ती अदलाबदल करायची नाहीत. गोळ्यांना पारदर्शक सिलिकॉन डिफ ग्रीस. ते गोळा आणि चकतीमध्ये अशी पकड ठेवतं की गोळा घसरत नाही, लोळतो. स्क्रूच्या टोकाच्या छोट्या थ्रस्ट बेअरिंगला मात्र काळं मॉलिब्डेनम ग्रीस, भरपूर. ते काळं ग्रीस चुकून चकत्यांवर गेलं तर डिफ घसरणारच, उघडून स्पिरिटने धुवा.

चकत्या वापरून त्यांवर गोल चर पडली असेल तर सपाट काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासायच्या, चर उथळ असेपर्यंतच. खोल गेली तर नव्या. आवळताना हळूहळू, मध्येमध्ये डिफ फिरवत, स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत. मग साधारण अष्टमांश फेरी मागे. त्यानंतर एक चाक धरून कमी थ्रॉटलवर थोडा वेळ फिरवायचा, दुसऱ्या बाजूलाही तसंच, आणि पुन्हा एकदा आवळणी तपासायची.

शेवटची तपासणी सोडू नका. एक चाक आणि स्पर घट्ट धरा, दुसरं चाक जोर लावून फिरवा. काही सुटायचंच असेल तर स्लिपर सुटला पाहिजे, डिफ नाही. डिफ घसरला की भुंकल्यासारखा आवाज येतो, आणि तसाच चालवला तर गोळ्यांवर सपाट डाग पडतात.

नवशिकी

@जुना_चालक, दंडवत! याची मॅन्युअलमध्ये चित्रं होती, पण 'का' कुठेच नव्हतं.

चिखलात_चाकं

माझा मागचा डिफ गळतो. ओ-रिंग नवी, गॅस्केट नवी, तेल पिनेपर्यंतच. तरी आउटड्राइव्हपाशी ओलं. काय राहिलं?

आटेपाटे

दांडा स्वतः बघा. ओ-रिंग जिथे बसते तिथे नखाने चाचपा. रेषा लागली तर दांडाच बदलायचा, कितीही नवी रिंग घाला गळणारच. दुसरं, प्लास्टिकच्या डबीचं भोक अंडाकृती झालेलं असू शकतं. दांडा वर-खाली किती डुलतो ते बघा.

आणि रिंगला काय लावलंत? रिंग सिलिकॉन रबरची असेल तर पेट्रोलियमवालं ग्रीस लावू नका, ती फुगते आणि मऊ पडते. काळी नायट्राइल रिंग आणि सिलिकॉन तेल, ही जोडी सुरक्षित.

अवांतर पण याच कामातलं: प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. एका जागी बारीक 'टक' होऊन स्क्रू किंचित खाली बसतो, तिथे जुने आटे सापडलेत. तिथून सरळ आवळा. नाहीतर दरवेळी नवे आटे कापले जातात आणि एक दिवस भोक मोकळं होतं. थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूंना, तेही निळं. प्लास्टिकला लागलं तर काही प्लास्टिक तडकतात.

चिखलात_चाकं

दांड्यावर रेषा लागली. बारीक आहे पण नखाला अडते. नवा मागवतो. उघडलंच आहे तर तेल बदलायचं का? दिसायला राखाडी आहे.

गिअरवेडा

बदला. राखाडी म्हणजे धातूचा बारीक बुरा, नव्या गिअरमध्ये सुरुवातीला थोडा येतोच. बोटांत चोळून बघा, कण टोचत असतील तर साइड गिअरचे दाते तपासा. दुधाळ असतं तर पाणी शिरलं असं समजायचं, आणि मग शेजारची बेअरिंगही धुऊन वाळवून पुन्हा तेल द्यावी लागली असती. डबी धुताना मोटर क्लिनरचा स्प्रे प्लास्टिकच्या भागांवर मारू नका. साबणाचं कोमट पाणी, ब्रश, आणि पूर्ण वाळवून मग जुळणी.

दांडा येईपर्यंत पुढच्या डिफचं झाकणही उघडून बघा. मागचा राखाडी असेल तर पुढचा बहुधा त्याच रंगाचा निघेल.